जलरंग: २४ ट्यूबा घेतल्या, तरी शेवटी सगळं शेणकुटासारखंच का होतंय?

फॉलपिको_वडगाव

नमस्कार. मी बेळगावच्या वडगावात फॉल-पिकोचं दुकान चालवते, बावीस वर्षं झाली. हे आधी सांगायचं कारण असं की रंग आपल्याला कळतात असा माझा समज होता. गिऱ्हाईक साडी टेबलावर टाकतं आणि मी पदर न उलगडता मागच्या फळीवरनं रीळ काढते. वांगी आणि कोनफळी यांत फरक काय, राणी कुठं संपते आणि डाळिंबी कुठं सुरू होते, झोपेतनं उठवून विचारलं तरी सांगेन. 'चिंतामणी द्या' म्हणत आलेल्या बाईला खरं तर मोरपंखी हवा असतो, हेही तोंड बघून ओळखते.

गेले दोन महिने मात्र जलरंगांनी माझी पुरती जिरवलीय.

मुलानं २४ ट्यूबांचा डबा आणून दिला. मला काढायचंय एकच चित्र. जांबोटीच्या अलीकडं माझं माहेर आहे, ते घर. चुन्याची भिंत, वर कौलं, पुढ्यात भाताची खाचरं, मागं झाडी. भाऊ दिवाळीनंतर कौलं उतरवून स्लॅब घालणार आहे. त्यावरनं भांडण काही नाही, आषाढात स्वैपाकघरात चार पातेली मांडून ठेवावी लागतात ते मीही बघितलंय. पण त्याआधी एकदा काढून ठेवावं असं मनात आहे.

आता कुठं अडलंय ते सांगते. भाताला डब्यातला सॅप ग्रीन जसाच्या तसा लावला, तर देवाच्या फोटोला घालतात त्या प्लॅस्टिकच्या हारासारखं दिसायला लागलं. श्रावणात खाचरं कशी दिसतात ते आपल्या भागातल्या माणसाला सांगायला नको. तो हिरवा डब्यात नाहीच. चोर्ल्याच्या बाजूला संध्याकाळी आभाळ वांगी होतं म्हणून लाल आणि निळा मिसळला, शाळेत तसंच शिकवलेलं, तर झाला तपकिरी. आणखी निळा घातला, काळपट तपकिरी. आणखी लाल घातला, शेणकूट. भिंतीवर वळचणीची सावली पडते तिथं काळ्यात पाणी घालून लावलं, तर ती सावली न वाटता चुलीमागची भिंत वाटायला लागली.

कागद ड्रॉइंग बुकचा आहे, पाणी लावलं की पापडासारखा फुगतो. बसते रात्री आठनंतर, दुकान बंद करून, ट्यूबलाइटखाली. क्लासला जायला वेळ नाही.

विचारायचं एवढंच: या २४ मधल्या खरोखर लागतात किती? आणि धाग्यात कळणारा रंग बशीत का कळेना?


निपाणीकडचा

अक्का, काळी ट्यूब मिसळायला घेऊ नका. पांढरीपण. अर्धं शेणकूट तिथंच थांबेल. बाकीचं मास्तर सांगतील, येतीलच ते आता.


खानापूरचा_मास्तर

आलो.

ताई, मी चौतीस वर्षं हायस्कुलात ड्रॉइंग शिकवलं. आमच्याकडं मुलं लोअर आणि हायर या परीक्षांना बसतात, पलीकडं चंदगडला एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला. परीक्षा कुठलीही असो, रंगचक्र एकच. लाल अधिक निळा बरोबर जांभळा. मीही फळ्यावर तेच लिहायचो. पोरं घरी जाऊन मिसळायची, तपकिरी व्हायचं, आणि मी म्हणायचो, ब्रश नीट धुतला नाहीस. ब्रश धुतलेला असायचा. चूक माझ्या फळ्यावर होती.

नुसता लाल असा रंग नसतोच. हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. गिऱ्हाईक 'लाल रीळ द्या' म्हणालं तर तुम्ही लगेच देत नाही, विचारता: कुठला लाल, शेंदराकडचा की राणीकडचा? ट्यूबेलाही तोच प्रश्न विचारायचा. तुमच्या डब्यात स्कार्लेट किंवा व्हर्मिलियन असेल, त्याला शेंदरी झाक आहे, म्हणजे त्यात पिवळा लपलेला आहे. क्रिमसन असेल, त्याला राणीची झाक आहे. निळ्याचंही तसंच. अल्ट्रामरीनला तांबूस झाक, प्रशियन ब्लूला हिरवट. पिवळ्यात लेमन हिरव्याकडं वळतो आणि गॅम्बोज केशराकडं. जाता जाता सांगतो, खरा गॅम्बोज म्हणजे आपल्या कोकमाच्या जातकुळीतल्या झाडाचा चीक. आता ट्यूबेवर नावापुढं 'ह्यू' छापलेलं असतं, म्हणजे नाव त्याचं आणि आत माल दुसरा.

तर तुम्ही बहुधा शेंदरी लाल घेतला आणि हिरवट निळा. दिसायला दोनच ट्यूबा, पण लपलेला पिवळा धरून बशीत तिन्ही मूळ रंग उतरले. तिन्ही उतरले की चिखल. वांगी पाहिजे असेल तर क्रिमसन आणि अल्ट्रामरीन घ्या. दोन्ही आधीच जांभळ्याकडं तोंड करून बसलेत, पिवळ्याचा संबंध नाही.

तुमचा दुसरा प्रश्न मला जास्त आवडला, धाग्यातला रंग बशीत का कळत नाही. धूपछाँव साडी डोळ्यासमोर आणा. उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्याचा. दोघेही आपापल्या जागी बसलेत, कुणी कुणात विरघळलेला नाही. ते मिसळतात ते बघणाऱ्याच्या डोळ्यात, म्हणून ती साडी झगमगते. बशीत एक रंग दुसऱ्याचा उजेड खातो. कागदावरनं जो उजेड परत आपल्याकडं यायचा त्यातला काही भाग निळा गिळतो, काही तांबडा गिळतो, आणि प्रत्येक नव्या ट्यूबेगणिक परत येणारा उजेड कमीच होत जातो. 'आणखी थोडा घालून बघते' हे म्हणूनच कधी फळत नाही. रीळ चुकलं तर दुसरं लावता येतं, बशीत पडलेला रंग परत काढता येत नाही. दोन रंगांत जमलं तर जमलं, तिसऱ्यावर हात आखडायचा, चौथा घालावासा वाटला तर बशी धुवायची.

यातनंच एक युक्ती निघते. बशीत पूर्ण घोटू नका. कागद ओला करून दोन रंग शेजारी शेजारी सोडा आणि त्यांना एकमेकांत जाऊ द्या. कुठं एक जास्त, कुठं दुसरा. तीच धूपछाँव. घोटलेला करडा मेलेला दिसतो, असा सोडलेला जिवंत राहतो.

आता किती ट्यूबा. डब्यातल्या सहा बाहेर काढा: लेमन यलो, यलो ऑकर (मातकट पिवळा), क्रिमसन, बर्न्ट सिएना (भाजल्या मातीचा तांबूस तपकिरी), अल्ट्रामरीन, प्रशियन ब्लू. उरलेल्या अठरा कपाटात. काळा फेकू नका, नातवंडं होतील तेव्हा गणपतीचा उंदीर रंगवायला लागेल.

आणि त्या सहातल्यासुद्धा पहिले आठ दिवस दोनच घ्यायच्या, अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना. हे मी आग्रहानं सांगतोय. लोकांना घाई हिरव्याची असते आणि हिरवा सगळ्यांत अवघड. या दोघांत मिळून जवळजवळ काळ्यापर्यंतचा गडद मिळतो, उबदार करडा मिळतो, थंड करडा मिळतो, पाणी वाढवलं की धुकं मिळतं. एका पट्टीत नऊ घरं आखा. डाव्या टोकाला नुसता निळा, उजव्या टोकाला नुसता सिएना, मधल्या घरांत एकेक टिपका वाढवत जा. मध्ये कुठंतरी एक घर असं येईल की ते निळंही नाही आणि तपकिरीही नाही. तिथं थांबा आणि बघा. ही पट्टी रोज एक, आठ दिवस. कंटाळा येईल, येऊ द्या.

तुमच्या घराला हीच जोडी का, ते सांगतो. कौल तांबडं असतं ते मातीतल्या लोखंडामुळं. आमच्या खानापुरात कौलं, विटा, मडकी हा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा, मातीकाम शिकवणारी संस्थासुद्धा गावात आहे. भट्टीत घालताना माती पिवळट-करडी दिसते, भाजून निघते ती तांबडी. तिच्यातल्या लोखंडाला चिकटून असलेलं पाणी उडून जातं आणि रंग पालटतो. सिएना हे इटलीतलं गाव. तिथली पिवळट माती म्हणजे रॉ सिएना आणि तीच भाजली की बर्न्ट सिएना. म्हणजे तुमच्या माहेरचं कौल आणि ती ट्यूब, दोघांची भट्टी एकच म्हणा ना. जांबोटीच्या वाटेवरच्या जांभ्याच्या तांबड्यालाही तीच ट्यूब, वर क्रिमसनचा हात लागेल इतकंच. बैलहोंगलाकडची काळी जमीन काढायची वेळ आली तरी याच दोन ट्यूबा, फक्त पाणी कमी.

आणि भिंत. पूर्वी चुन्यात काय घालायचे आठवतंय? नीळ. धोतराला घालायची तीच पुडीतली नीळ, म्हणजे अल्ट्रामरीनच. फार पूर्वी हा रंग अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या दगडातनं काढायचे आणि सोन्याच्या भावानं विकायचे. १८२० च्या दशकात फ्रान्समध्ये तो कारखान्यात करायची कृती सापडली, मग तो इतका स्वस्त झाला की आपल्या धुण्याच्या बादलीत आला. चुन्याचा पिवळटपणा मारायला तो भिंतीत गेला. त्या भिंतीवरची सावली काळी कशी असेल? तिला भरपूर पाणी घातलेला अल्ट्रामरीन, त्यात सिएनाचा टिपका. वळचणीजवळ सिएना थोडा जास्त, कारण कौलांची तांबूस छाया तिथं उतरते.

पाण्याबद्दल एकच सांगतो, तुम्हाला पुरेल. ओली साडी गडद दिसते आणि वाळली की उजळते. कागदाचंही तसंच. ओला असताना नेमका वाटला तर वाळल्यावर तो फिका पडणार हे धरून चाला.

बशी पांढरी चिनी मातीची घ्या, स्टीलच्या ताटलीत करडा काय आणि निळा काय, कळणार नाही. आणि ट्यूबलाइटखाली मिसळलेल्या रंगावर भरवसा ठेवू नका. गिऱ्हाइकाला तुम्हीच सांगत असाल, रीळ उन्हात नेऊन बघा म्हणून.


निपाणीकडचा

मास्तर, एवढं लिहिलंत आणि हिरव्याचं राहिलं की ओ.


खानापूरचा_मास्तर

राहिलं नाही, मुद्दाम ठेवलं होतं. आठ दिवस म्हटलं होतं की. बरं, घ्या.

बशीत आधी लेमन यलो. त्यात प्रशियन मोहरीएवढा, ब्रशाच्या टोकानं. उलटं केलंत, निळ्यात पिवळा घालत बसलात, तर अर्धी ट्यूब संपेल तरी निळा हटणार नाही. प्रशियन फार जोरकस. हा झाला लागणीनंतरच्या कोवळ्या भाताचा हिरवा, तोही अजून जरा भडकच. त्यात सिएनाचा एक टिपका टाका की तो जमिनीवर येतो. मागच्या झाडीला प्रशियन नको, तिथं अल्ट्रामरीन आणि यलो ऑकर. त्याचा हिरवा मळकट शेवाळी होतो, दूरच्या झाडीला तोच पाहिजे. पुढचा हिरवा आणि मागचा हिरवा एकाच निळ्यातनं काढायचा नाही, एवढं लक्षात ठेवा. नाहीतर मागची झाडी पुढं येऊन खाचरात उभी राहते.


कॅम्पातली_अर्धी_चित्रकार

मास्तर काका, नमस्कार. बहुतेक पटलं, दोन ठिकाणी भांडणार.

पहिलं म्हणजे ट्यूबेच्या नावावर जाऊच नका. मागं बारीक अक्षरात कोड असतो तो वाचा. पी.बी. २९ म्हणजे अल्ट्रामरीन, पी.बी. २७ म्हणजे प्रशियन, पी.बी.आर. ७ म्हणजे सिएना-अंबरवाल्या माती. नाव काहीही असू दे, कोड खोटं बोलत नाही. एकाच ट्यूबेवर दोन-तीन कोड असतील तर तो रंग आधीच कुणीतरी मिसळून दिलेला. सॅप ग्रीन बहुतेक वेळा असाच असतो. मावशी, तुम्ही त्यात तिसरा रंग घातला की खरं तर चौथा-पाचवा पडत असतो. चिखल होणारच.

दुसरं भांडण क्रिमसनवर. जुना अलिझरिन क्रिमसन, पी.आर. ८३, उन्हात उडतो. मी एका पट्टीवर तो लावून अर्ध्या भागावर पुठ्ठा चिकटवला आणि पाडव्याच्या सुमाराला खिडकीला लावून ठेवली. गणपतीत पुठ्ठा काढला तर उघडी बाजू आजारी माणसासारखी झालेली. हा रंग मूळचा मंजिष्ठेच्या कुळातल्या झाडाच्या मुळांतनं काढायचे, १८६८ मध्ये जर्मनीत तो प्रयोगशाळेत करायला जमला, पण उडायची खोड तीच. तुमचं चित्र भिंतीवर लागणार असेल तर क्रिमसनऐवजी पी.व्ही. १९ लिहिलेली ट्यूब सुटी घ्या, रोझ नावानं मिळते. वांगीसुद्धा त्यातनं जास्त स्वच्छ येतो. हाच तुमचा राणी. शाळेत ज्याला लाल म्हणतात तो रंगचक्रात मुळात राणीच असायला पाहिजे होता. छापखान्यात बघा, लाल शाई नसतेच, मॅजेंटा असते.

म्हणूनच मी म्हणेन, सहा तरी कशाला? लेमन, रोझ आणि थॅलो ब्लू हा हिरवट झाकेचा निळा, तीनच. सगळं निघतं.

आणि कागद! यावर कुणी बोललंच नाही. ड्रॉइंग बुक बाजूला ठेवा. ३०० जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड कागद घ्या, जमलं तर पूर्ण कापसाचा. महाग वाटतो, पण मोठा ताव २२ बाय ३० इंचांचा असतो, त्याचे आठ तुकडे केले की साडेसात बाय अकराचे होतात, आणि मागची बाजूपण वापरता येते. साध्या कागदावर मास्तरांची ती ओल्यात सोडायची युक्ती चालणारच नाही, पाणी एका जागी राहत नाही. रंग स्वस्त चालतील, कागद नाही.


खानापूरचा_मास्तर

कागदाचं शंभर टक्के बरोबर. मी शाळामास्तर, आयुष्य ड्रॉइंग बुकावर गेलं, म्हणून सुचलं नाही. राणीचंही कबूल. ट्यूब मिळाली तर क्रिमसन काढून ती घाला.

तीन रंगांचं मात्र नवशिक्याला सांगू नये. सगळं निघतं हे खरं, पण कौलाचा तांबडा काढायला दर वेळी तिन्ही रंग मापात घालायचे आणि पुढच्या कौलाला तोच पुन्हा जुळवायचा, म्हणजे साडी एक आणि फॉल चार रंगांचा. थॅलो तर प्रशियनपेक्षा द्वाड. एकदा ब्रशात शिरला की आठवडाभर सगळ्याला हिरवट करत बसतो. सिएना बशीत तयार असताना ती रोज शिजवायची कशाला?

ताई, अजून एक. आपल्या गावाला जलरंग काही नवा नाही. चित्रकार के. बी. कुलकर्णी बेळगावात शिकवत होते, चित्रकार रवी परांजपे त्यांच्याच हाताखाली तयार झाले. जुन्या घरांतनं, ऑफिसांतनं चांगलं मूळ चित्र दिसलं तर वीतभर अंतरावर जाऊन बघा. छापील नको, मूळच. सावलीत किती रंग आहेत ते मोजा.


फॉलपिको_वडगाव

उशीर झाला लिहायला. गौरी-गणपतीच्या आधी दुकानात पाय ठेवायला जागा नसते. तीन आठवड्यांचा हिशोब एकदम देते.

पट्टी आठ दिवस केली. खरं सांगायचं तर पहिले तीन दिवस मास्तरांना मनातल्या मनात बरंच काही बोलले. चौथ्या दिवशी सहाव्या घरात ते आलं. निळं नाही, तपकिरी नाही. आमच्याकडं त्याला रीळच नाही. जवळात जवळचं म्हणजे पारव्याचा रंग, पण पारवाही त्याहून निळा. मी ती पट्टी सकाळी दुकानात नेली आणि फळीवरच्या रिळांना लावून बघितली, तर करड्यातली अकरा रिळं निघाली आणि एकही बसेना. बावीस वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडं रीळ नव्हतं. बरं वाटलं, का ते सांगता येणार नाही.

आणखी एक दिसलं. रंग वाळल्यावर निळ्याचे बारीक कण कागदाच्या खळग्यांत जाऊन बसतात आणि सिएना वर पसरलेला राहतो. भिंग लावून बघितलं, माझ्याकडं सुईत दोरा ओवायला आहे. खरंच धूपछाँव आहे. मास्तरांनी उपमा दिली असेल, मला तर विणच दिसली.

कागद घेतला, आठ तुकडे केले. पहिले दोन तुकडे वाया. पाऊस असा लागलेला की वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, तासभर वाळेना. मी घाईनं त्यात परत ओला ब्रश लावला तर फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे डाग उठले, काठ कुरतडल्यासारखे. मग कळलं, एकतर पूर्ण ओल्यात काम करायचं नाहीतर पूर्ण वाळल्यावर, मधल्या दमटपणात हात लावायचाच नाही. आता हाताची पालथी बाजू कागदाला लावते. गार लागला तर थांबते. इस्त्री तापलेली असतेच, पण कागदावर फिरवायचा मोह आवरलाय. आणि उरलेले तुकडे उशीखाली ठेवलेले त्यांना बुरशीचे ठिपके आले, म्हणून आता साड्यांबरोबर कपाटात, डांबरगोळ्या काढून.

वांगी जमला. क्रिमसननंच, राणीची ट्यूब अजून मिळालेली नाही. चोर्ल्याकडचं आभाळ आता शेणकूट नाही.

हिरव्यात एक गंमत झाली. लेमन आणि प्रशियन मिसळून मी इतकी खूश झाले की सिएनाचा टिपका टाकायचाच विसरले. मुलगा म्हणाला, आई, हे भात नाही, हे शीतपेय आहे. टिपका टाकला. एकच. एवढ्यानं रंगाला माती लागली असं वाटलं. दुसरा टाकला असता तर भात कापणीला आला असता.

भिंतीचं मात्र सांगितलंच पाहिजे. परवा माहेरी गेले होते, गौरीला. मागच्या पडवीत पोपडा निघालेला, म्हणून नखानं खरवडून बघितलं. आतला थर खरंच निळसर. भावजय म्हणाली, काय करालाय ओ वन्सं, पाडायचंच आहे ते. मी म्हटलं, थांब जरा, सावली बघतेय. दुपारी तीनची होती. वळचणीखाली तांबूस, खाली येईल तशी निळी, आणि अगदी जमिनीजवळ परत उबदार, कारण अंगण तांबडं आहे ते वर उजळतं. काळं कुठंच नव्हतं. मी त्या भिंतीसमोर अठरा वर्षं जेवलेय.

आता अडलंय ते कौलांवरचं शेवाळ. उत्तरेच्या बाजूला अख्खं छप्पर हिरवं-काळं झालंय, काही जागी नवी कौलं घातलेली, ती केशरी. सगळं छप्पर एका रंगात गेलं की पुठ्ठ्याचं वाटतं, आणि प्रत्येक कौल वेगळं करायला गेले तर ठिगळांच्या गोधडीसारखं.


खानापूरचा_मास्तर

एकेक कौल काढू नका. आधी सगळ्या छपरावर सिएनाचा पातळ हात, ताकासारखा, आणि तो ओला असतानाच उत्तरेकडं ऑकर आणि अल्ट्रामरीनचा शेवाळी सोडून द्या. जिथं जाईल तिथं जाऊ दे, शेवाळही विचारून वाढत नाही. नव्या कौलांची जागा मात्र आधीच ओळखून तिथं तो हात फिरवूच नका, कोरी ठेवा, नंतर त्यात सिएना आणि लेमन. वाळल्यावर गडद करड्यानं, तुमच्या त्या सहाव्या घरातल्या, कौलांच्या ओळींच्या रेघा. सगळ्या रेघा नाहीत. चार-पाच ओळी पुऱ्या काढा, बाकी अर्ध्यावर सोडा.


कॅम्पातली_अर्धी_चित्रकार

मावशी, उजेडाची वेळ पक्की करा, तीन तर तीन. सकाळी सुरू करून संध्याकाळपर्यंत काढत बसलात तर सावल्या दोन दिशांना जातील. आणि रोझची ट्यूब माझ्याकडं जास्तीची आहे, बुधवारी वडगावात येणार आहे, दुकानात देऊन जाते. फॉल लावायला एक साडीपण आहे.


फॉलपिको_वडगाव

ये ये. साडी कुठल्या रंगाची ते आधी सांगू नकोस.

या रविवारी परत जाते, दुपारी तीनला. भावाला फोन करून सांगितलंय, अंगणातली गाडी तेवढी मागं लाव म्हणून.